भालेराव वकीलबाईंची सही

भालेराव वकीलबाईंकडे कामाला लागले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, "ही बाई वकील कमी आणि मास्तरीण जास्त आहे. माझं काही तिच्याकडे जमायचं नाही." कारणही तसंच होतं. कोर्टात द्यायचा कुठलाही कागद तयार झाला की बाई तो पक्षकाराला मोठ्याने वाचून दाखवायच्या. तिथवर ठीक होतं हो! पण वाचून झालं की कागद पालथा घालायच्या, चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या आणि समोरच्याला म्हणायच्या, "हं, आता तू सांग. काय लिहिलंय यात?"

मग पंचाईत. समोर कधी कंपनीतून काढलेला कामगार असे, कधी नवऱ्याने घराबाहेर घातलेली बाई, कधी डोंगरावरच्या वाडीतून आलेला म्हातारा. सगळ्यांचं ठरलेलं उत्तर, "ताई, तुम्ही लिहिलंय म्हंजे बरोबरच असनार." बाई हलायच्या नाहीत. "माझं बरोबर असून काय करायचंय? घर तुझं, नवरा तुझा, उद्या पिंजऱ्यात उभी तू राहणार. सांग." मग तो माणूस चाचरत सांगायला लागे. एक गोष्ट जरी इकडची तिकडे झाली, तरी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायचा. इकडे माझं टायपिंग खोळंबलेलं, बाहेर बाकावर चारजण बसलेले.

एकदा मोरिवलीचा एक म्हातारा भावाविरुद्ध बांधाची केस घेऊन आला. चार वेळा वाचलं, चारही वेळा तो चुकला. शेवटी वैतागून उठला आणि म्हणाला, "ताई, भावाशी बोलनं याच्यापेक्षा सोपं हाय. मी त्यालाच जाऊन भेटतो." आणि खरंच भेटला, मिटवून आला. बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "मंगल, केस गेली आपली. पण ह्या महिन्यातला सगळ्यात चांगला निकाल हाच!"

मी मंगल, बाईंची टायपिस्ट. राहायला बदलापूर गावात. नवरा अंबरनाथ एमआयडीसीत एका लहानशा इंजिनिअरिंग कारखान्यात होता, तो कारखाना बंद पडला. पदरात चार वर्षांची मुलगी. लग्नाआधी टायपिंगच्या परीक्षा दिल्या होत्या, त्या अशा वेळी कामाला आल्या. बाईंचं ऑफिस उल्हासनगरला कोर्टाजवळ, एका फर्निचरच्या दुकानाच्या माळ्यावर होतं. खाली दिवसभर करवत चालायची आणि लाकडाचा भुसा जिन्यावरून थेट माझ्या मशीनमध्ये यायचा. दुकानदार सिंधी, आम्ही त्याला साईं म्हणायचो. फोन त्याच्याकडेच होता. फोन आला की तो खालून ओरडायचा, "मंगलबहन, मॅडमचा फोन आहे, जल्दी या!"

एक गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगते. बाई बौद्ध समाजाच्या. वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा त्या दोन वर्षांच्या होत्या. मी कामाला लागले तेव्हा सासूबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "तिथलं पाणी पिणार का तू?" मी पर्समध्ये पाण्याची बाटली भरून नेऊ लागले. बाईंनी पाहिलं होतं. आठवडाभर काही बोलल्या नाहीत. मग एका रणरणत्या दुपारी माझी बाटली रिकामी झाली, तर टाईप केलेल्या कागदावरून मान वर न करता म्हणाल्या, "मंगल, माठ खिडकीत आहे. पाणी आज सकाळीच भरलंय." बस्स, एवढंच. आवाजात राग नाही, टोमणा नाही. मी उठले, पाणी प्यायले आणि घशाखाली ते पाणी उतरताना मला स्वतःची इतकी शरम वाटली की काय सांगू. बाटली त्या दिवसापासून बंद झाली. सासूबाईंना मी सांगितलं, पिते. त्या दोन दिवस अबोला धरून बसल्या आणि मग विसरल्या.

त्या भागातल्या कोर्टात बाई पहिल्याच स्त्री वकील. सुरुवातीचे किस्से त्या रंगवून सांगायच्या. ऑफिसात नवा पक्षकार यायचा, काळा कोट घातलेल्या बाईकडे बघायचा आणि विचारायचा, "वकीलसाहेब कधी येनार?" बाई म्हणायच्या, "आलेत. तुमच्या समोर बसलेत. बोला." वकिलांच्या खोलीत प्रत्येकाची खुर्ची ठरलेली. बाईंना कुणी 'बसा' म्हणेना. महिनाभर त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मग एक दिवस फर्निचर बाजारातून लोखंडी खुर्ची विकत घेतली, रिक्षात घालून आणली, सगळ्यांच्या मधोमध मांडली आणि बसल्या. "मी काही बोललेच नाही गं. बोलून काय होणार? एकदा बसलं की मग उठवायला कुणाला तरी तोंड उघडावं लागतं. कुणी उघडलं नाही."

लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर गंभीर चेहऱ्याने म्हणायच्या, "पुढची तारीख पडलीय." अंबरनाथला आईबरोबर राहायच्या. रविवारी सकाळी मोरिवलीच्या विहारात सतरंजी टाकून बसायच्या. ज्याला कायद्याचं काही विचारायचं त्याने यावं, फी नाही. तिथे कंपनीतल्या कामगारांच्या बायका यायच्या, नाल्याच्या वासाची तक्रार घेऊन, नळाच्या पाण्याची तक्रार घेऊन. बाई त्यांना अर्ज लिहून देत नसत, अर्ज लिहायला शिकवत. कुणी रडायला लागलं की जवळ घेऊन म्हणायच्या, "रड, पोटभर रड. पण इथंच. कोर्टात रडायचं नाही, तिथं तारखा पाठ हव्यात."

ते कागद पालथा घालण्याचं खूळ कुठून आलं, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचे वडील कारखान्यात होते. संपानंतर कामावर परत घेताना सगळ्यांकडून एकेका कागदावर अंगठा घेतला, हजेरीचा कागद आहे म्हणून. वडिलांनी दिला. घरी आल्यावर त्या कागदाची प्रत अकरा वर्षांच्या कुसुमने, म्हणजे आमच्या बाईंनीच, वाचून दाखवली. तो राजीनामा होता. "मी मोठ्याने वाचत होते, ठळक, शाळेत वाचतात तसं. बाबांचा चेहरा बघितला तेव्हा कळलं की थांबायला हवं होतं. बाबा म्हणाले, वाच, पुरं वाच." पुढे वडिलांनी भाजी विकून तिला शिकवलं. हे सांगून झाल्यावर बाईंनी नाक शिंकरलं आणि मला म्हणाल्या, "चल, त्या भाडेकरूचा जबाब झाला का टाईप करून?"

आता जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले, त्या जनीविषयी सांगते. खरं तर जनीविषयी नाही, माझ्याविषयी.

बदलापूरहून बारवीकडे जाताना डोंगराच्या अंगाला ठाकरांची एक वाडी आहे. जनी तिथली. नवरा वारला होता, मूलबाळ नव्हतं. भाताची दोन खाचरं आणि खाचराच्या कडेला कुडाची झोपडी, एवढाच तिचा संसार. बदलापूरच्या आजूबाजूची जमीन तेव्हा भराभर विकली जात होती. जनीच्या दिरांनी आपल्या वाट्याबरोबर तिचीही खाचरं एका बिल्डरला लिहून दिली. विचारणाऱ्याला त्यांनी सांगितलं, "ती हितं राहतच नाय. नवरा मेल्यावर जांभूळ गावाला माहेरी गेली." बिल्डरचं मशीन दिवाळीनंतर जमीन सपाट करायला येणार होतं. एकदा खाचरं बुजली आणि झोपडी पडली की जनी तिथे राहत होती हे सांगायला काही शिल्लक राहणार नव्हतं.

जनी बाईंकडे आली ती अनवाणी, पदराला चिकटलेलं भाताचं कुसळ तसंच घेऊन. बाईंनी दोन तास बसून तिची हकिगत लिहून घेतली. कोर्टाकडून मनाई हुकूम मिळवायचा होता, म्हणजे निकाल लागेपर्यंत जमिनीला कुणी हात लावायचा नाही. त्यासाठी एकच गोष्ट शपथेवर सांगायची होती. जनी तिथेच राहते आणि तिथेच कसते. सगळी केस त्या एका वाक्यावर उभी होती.

अर्ज दाखल करायचा तो दिवाळीच्या सुट्टीआधीचा कोर्टाचा शेवटचा दिवस होता. बाईंनी हाताने लिहिलेला मसुदा माझ्याकडे होता. जनी सकाळपासून बाकावर बसली होती. दुपारी खालून साईं ओरडला. मी फोन घेतला. बाई पोलीस स्टेशनमधून बोलत होत्या. मोरिवलीच्या बायकांनी नाल्यापायी कंपनीचा रस्ता अडवला होता आणि त्यातल्या दहा-बाराजणींना पोलिसांनी आणून बसवलं होतं. "मी ह्यांना सोडवल्याशिवाय येऊ शकत नाही. जनीचं प्रतिज्ञापत्र टाईप कर. तिला वाचून दाखव. तिच्याकडून वदवून घे. मग अंगठा घे. मी थेट कोर्टात येते, तिथे सही करते. वदवून घे हं, मंगल!" मी म्हटलं, "हो बाई."

टाईप करताना आम्ही एक सोय करायचो. सगळे टायपिस्ट करतात. सुरुवातीचा आणि शेवटचा ठरलेला मजकूर जुन्या केसच्या कार्बन कॉपीवरून उचलायचा आणि मधली हकिगत नव्या मसुद्यावरून. मी डावीकडे बाईंचा मसुदा ठेवला, उजवीकडे जुनी कॉपी. ती जुनी केसही एका विधवेचीच होती, आणि ती बाई खरोखरच माहेरी राहत होती. घड्याळात तीन वाजत आले होते. माझी नजर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. कधी सरकली ते कळलंच नाही. जनीच्या प्रतिज्ञापत्रात टाईप झालं, 'पतीच्या निधनानंतर मी माहेरी राहते.'

वाचून दाखवलं असतं तर जनीनेच पहिल्या झटक्यात म्हटलं असतं, हे काय लिवलंय? पण मी वाचून दाखवलं नाही. खरं कारण सांगू? जनी हळू बोलायची, प्रत्येक गोष्ट तीनदा विचारायची, आणि मला कंटाळा आला होता. वेळ नव्हता हे खरं, पण पंधरा मिनिटं काढता आली असती. मी म्हटलं, "जनी, तू ताईंना सांगितलंस तेच सगळं लिहिलंय. हात दे इकडे." तिने विश्वासाने हात पुढे केला. मी तिचा अंगठा धरला, शाईत दाबला आणि प्रत्येक पानावर उमटवला.

कोर्टात बाई धापा टाकत आल्या. कोटाचं एक बटण तुटलं होतं. "वाचून दाखवलंस?" "हो." "तिने सांगितलं?" "हो, बाई." त्यांनी खाली सही केली. त्या सहीच्या वर एक ओळ असते. 'मजकूर वाचून दाखवला व समजावून सांगितला.' इतर वकिलांच्या कागदावर ती ओळ नुसती असायची. आमच्या बाईंच्या कागदावर ती खरी असायची, आणि हे कोर्टातल्या शिपायापासून न्यायाधीशांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

सुट्टीपुरता 'जैसे थे'चा हुकूम मिळाला. जनी जाताना मला म्हणाली, "ताईंना सांग, उडीद झाले की आनते." मी मजेत दिवाळी केली. माझ्या मनात काही म्हणजे काही आलं नाही.

सुट्टी संपल्यावर तारीख होती. पलीकडचे वकील उठले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, माझ्या पक्षकाराला वेगळं काही सांगायचं नाही. अर्जदार बाईच शपथेवर सांगते की ती माहेरी राहते. मग तिचा ताबा कसला?" आणि त्यांनी ते वाक्य वाचून दाखवलं. मी मागच्या बाकावर होते. बाईंनी पान उलटलं, वाचलं, एकदा, दोनदा. मान वळवून माझ्याकडे बघितलं नाही. न्यायाधीश म्हणाले, "बाई, हे तुमच्याच कागदात आहे." बाई म्हणाल्या, "होय साहेब. मला उद्यापर्यंत वेळ द्यावा."

ऑफिसात आल्यावर मी रडायलाच सुरुवात केली. बाई म्हणाल्या, "रडू नको. आधी सांग. काय काय झालं, क्रमाने सांग." मी सांगितलं. कंटाळा आला होता हेही सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. शेवटी एवढंच विचारलं, "मी विचारलं तेव्हा तू हो का म्हणालीस?"

तेवढ्यात शेजारचे मोटवानी वकील जिना चढून आले. वयाने मोठे, बाईंना मुलीसारखं मानायचे. त्यांनी कोर्टात सगळं पाहिलं होतं. ते खुर्चीवर बसलेच नाहीत. "देखो भालेरावबाई, टायपिस्टची मिस्टेक आहे, तसं लिहून द्या. रोज होते. कोर्ट दुरुस्ती देईल."

"टायपिस्टची चूक म्हटलं की कोर्ट विचारणार, वाचून दाखवलं तेव्हा ही बाई बोलली का नाही? आणि वाचून दाखवलं अशी खाली माझी सही आहे."

"तो फिर लिखो की ती अडाणी आहे, तिला समजलं नाही."

"तिला समजलं नाही म्हणू? तिला कुणी सांगितलंच नाही, मोटवानीसाहेब. उद्या ह्या डोंगरातला कुठलाही अंगठा आला की हेच वकील म्हणतील, अडाणी आहे, आज एक बोलते, उद्या दुसरं. खरं लिहावं लागेल. सही खोटी होती, असं."

मोटवानी डोक्याला हात लावून म्हणाले, "पागल झालीस काय? तुझं नाव वर गेलंय ना!"

ते खरं होतं. सरकारी वकील म्हणून बाईंचं नाव पुढे गेलं होतं. ह्या भागातून त्या जागेवर आजवर एकही बाई गेली नव्हती. बाईंच्या आईने अख्ख्या चाळीला सांगून ठेवलं होतं. बाई वरवर दाखवायच्या नाहीत, पण मी त्यांना आरशासमोर नवा पांढरा बँड लावून बघताना पाहिलं होतं. आपल्या सहीवरची ओळ खोटी होती असं ज्या वकिलाने लिहून दिलं, त्याला सरकार कशाला घेईल?

मोटवानी गेल्यावर बाईंनी छत्री उचलली. "मी वाडीवर जाऊन येते. जनीला सगळं सांगायला हवं. तिला दुसरा वकील करायचा असेल तर तो तिचा हक्क आहे." शेवटच्या बसला परत येता यावं म्हणून त्या तशाच, चहासुद्धा न घेता निघाल्या. मी घरी गेले आणि नवऱ्याला म्हटलं, माझी नोकरी गेली.

सकाळी गेले तर बाईंनी कागद पुढे केला. "हे टाईप कर. माझं प्रतिज्ञापत्र आहे." मी मशीनवर बसले. 'मजकूर वाचून दाखवला असे मी सहीनिशी लिहिले आहे. तो वाचून दाखवण्यात आला नव्हता. मी स्वतः खात्री न करता सही केली. यात अर्जदाराचा कोणताही दोष नाही. चूक माझी आहे.' माझी बोटं तिथे थांबली. "बाई, माझं नाव घाला ना. मी केलंय हे. मी खोटं बोलले तुमच्याशी."

"टायपिस्टची सही नसते, मंगल. ज्याची सही, त्याचं पाप. पुढे टाईप कर."

मी टाईप केलं. आणि त्या दिवशी ते प्रतिज्ञापत्र मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, त्यांनी मागितलं नव्हतं तरी. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि सही केली.

न्यायाधीशांनी ते दोनदा वाचलं. मग जनीला पुढे बोलावलं आणि विचारलं, "तू राहतेस कुठे?" जनीला काय, तेवढंच हवं होतं. कोणत्या बांधावर जांभळीचं झाड आहे, कोणत्या खाचराला आधी पाणी येतं, झोपडीची कोणती बाजू गेल्या पावसात पडली, नवऱ्याला कुठे जाळलं, सगळं ती सांगत सुटली. साहेबांनी जागा बघून यायला माणूस पाठवला. झोपडीत तिची मडकी होती, अंगण सारवलेलं होतं, दारात भाताच्या पेंढ्याची उडवी होती. दुरुस्ती मंजूर झाली आणि मनाई हुकूम कायम झाला. खाचरं जनीकडे राहिली, आजही आहेत. पण त्याच हुकुमात एक ओळ होती, 'अर्जदाराच्या वकिलांचा निष्काळजीपणा नोंदवण्यात येत आहे.'

दोन महिन्यांनी सरकारी वकिलांची यादी लागली. बाईंचं नाव नव्हतं. ज्यांचं लागलं, ते पेढे घेऊन ऑफिसात आले. बाईंनी पेढा घेतला, अभिनंदन केलं, त्यांच्या मुलाच्या परीक्षेची चौकशी केली. ते जिना उतरून गेल्यावर मी म्हटलं, "बाई..." त्या म्हणाल्या, "आज त्या बदलापूरच्या भांड्याकुंड्यांच्या केसची तारीख आहे ना? फाईल काढ." मी फाईल काढली. मला वाटलं होतं, त्या मला काढतील. त्यांनी काढलं नाही. त्या विषयावर पुन्हा एक शब्द नाही. मी मनात म्हणायचे, केवढं मोठं मन, बाईंनी मला माफ केलं.

पुढे त्या नगरपालिकेवर निवडून आल्या. उभं राहायला तयार नव्हत्या, मोरिवलीच्या बायकांनीच फॉर्म आणून पुढ्यात ठेवला. बाईंनी तो त्यांनाच मोठ्याने वाचायला लावला, मग सही केली. पाच वर्षं त्या सकाळी नळावर, दुपारी कोर्टात आणि संध्याकाळी सभागृहात असायच्या. सभागृहात ठरावाचा मजकूर वाचल्याशिवाय हात वर करणार नाही म्हणून अडून बसायच्या, सगळे कपाळाला आठ्या घालायचे. साखरेचा आजार होता, जेवणाची वेळ कधी पाळली नाही. मी ओरडायचे, त्या म्हणायच्या, "हो गं माझे आई, जेवते." शेवटी मूत्रपिंडं गेली. पंचेचाळीस हे काय जायचं वय आहे? मला आजही त्यांचा रागच येतो. स्वतःच्या तब्येतीकडे तेवढं त्यांनी कधी बघितलं नाही.

शोकसभा मोरिवलीच्या विहारात झाली. माणसं बाहेर रस्त्यापर्यंत उभी होती. कोणी म्हणालं पहिल्या स्त्री वकील, कोणी म्हणालं पहिल्या नगरसेविका. मोटवानी काठी टेकत उठले. म्हणाले, "इतने साल में उस बेटीने एकच चूक केली. आणि ती पण स्वतः कोर्टात कबूल केली. कौन करता है?" लोकांनी माना हलवल्या. त्यांनी चांगल्या मनानेच म्हटलं, पण माझ्या अंगाची आग झाली. म्हणजे बाईंची एक चूक म्हणून जी कोर्टाच्या कागदात आहे, लोकांच्या तोंडात आहे, ती आता कायमची त्यांचीच राहणार? मी उठले. कुणी बोलावलं नव्हतं. माईक हातात घेतला आणि म्हटलं, "ती चूक बाईंची नव्हती. माझी होती. मी त्यांच्याशी खोटं बोलले होते, आणि इतकी वर्षं गप्प बसले. बाईंनी मला माफ केलं, पण मला ते आज सगळ्यांसमोर सांगायचंय."

बायकांच्या रांगेतून जनी उठली. तिच्या कडेला उडदाचं गाठोडं होतं, दर वर्षी बाईंसाठी आणायची तसलं. पुढे आली, माझ्या हातातला माईक बाजूला केला आणि माझा दंड धरून मला खाली बसवलं.

"हे मना ठावंच हाय," ती म्हणाली. "अंगठा तूच धरला व्हतास ना माजा? मना नाय ठावं व्हनार तं कोनाला?"

गाठोडं खाली ठेवून ती माझ्या शेजारी टेकली.

"ताई त्या सांजचं वाडीवर आल्या. समदं सांगितलं. मंग म्हनल्या, जनी, त्या पोरीला माफ करनारी मी कोन? जमीन तुजी हाय. तू सांग, तिला ठेवू का काढू? म्या म्हनलं, ठेवा. माजी चूल इजली तं इजली, तिची कशाला इजवता?"

कोर्टाचा हुकूम तेव्हा अजून यायचा होता. खाचरं राहणार की जाणार, हे त्या संध्याकाळी जनीला ठाऊक नव्हतं.